हस्तिदंतावरची 'सवत': ही नटी कोण असेल?

सुरसागरकाठची

नमस्कार मंडळी. एरवी मी या मंचावर नुसती वाचते. आज लिहायला बसले ती एका सव्वादोन इंचाच्या बाईपायी.

माझं माहेर बडोद्याचं, दांडिया बाजारातलं. आई गेली त्याला आता दोन महिने होतील. घर आवरताना आजीची फणेरपेटी निघाली. शिसवी आहे, आतला आरसा तडकलेला. खालच्या खणात, इरकली लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं हे चित्र. मी त्याला लहानपणापासून ओळखते. दिवाळीच्या आधी पेटी पुसायला काढली की आजी ते तळहातावर घेऊन आम्हा पोरांना दाखवायची आणि म्हणायची, "ही माझी सवत." मग पदर तोंडाला लावून हसत सुटायची. आम्ही टकामका बघत राहायचो. आत्या मात्र लगेच "पुरे, ठेव ते आत" म्हणून उठून जायची.

घरातली कुजबुज एवढीच, की ही कुणी नाटकातली नटी आणि आजोबा तिच्या नादी लागले होते. आजोबा गायकवाडांच्या खानगी खात्यात कारकून. जन्म १८९५ चा. नाटकाचं वेड असं की कंपनीचा मुक्काम बडोद्याला पडला की पगार घरी पोचायच्या आत तिकिटांत जायचा. हे आजी स्वतः सांगायची. नटीबद्दल विचारलं की पुन्हा तेच हसू.

आता चित्र. लंबगोल, उभं सव्वादोन इंच, आडवं पावणेदोनला जरा कमी. वर फुगीर काच, कडेला पितळी पट्टी, मागे पुठ्ठा आणि त्यावर एके काळी लाल असलेली मखमल. बाई तिशीच्या आतली. चेहरा गोल, मान जरा डावीकडे कललेली, नजर खाली. डोक्यावरून पदर. कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात नुसती काळी पोत. नाकात काही नाही, कानात काही नाही. लुगडं मातकट तांबडं. डाव्या खांद्याशी एक चौकोनी राखी डाग आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. बुरशी असावी, नाहीतर कुणीतरी मागाहून दुरुस्ती केलेली.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे खरंच हस्तिदंत का? बाई कोण? आणि तो डाग काढता येईल का? चौथा प्रश्न भावाचा आहे. जुन्या वस्तूंच्या एका दलालानं मोबाइलवर फोटो बघून चांगली रक्कम बोलून दाखवली, तर देऊन टाकू म्हणतो. वहिनीचं म्हणणं, सवतीला कुणी घरात ठेवतं का.

फोटो टाकणार होते, पण काचेत बाईपेक्षा माझा चष्माच जास्त दिसतोय.

कागदोपत्री

ताई, आधी चौथ्या प्रश्नाचं उत्तर, कारण बाकीचे तीन थांबू शकतात. हस्तिदंत असेल तर विकता येत नाही. वस्तू शंभर वर्षांची आहे, आजीची आहे, घरगुती आहे, यातलं काहीही चालत नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९८६ च्या दुरुस्तीनं भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. मग लोक "हे आफ्रिकेचं आहे हो" म्हणायला लागले, म्हणून १९९१ मध्ये तेही दार लावलं. २००३ मध्ये घरात असलेल्या अशा वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली होती. तुमच्याकडे तेव्हा कुणी अर्ज केला होता का, ते आईच्या कागदांत शोधा. मालकीचा दाखला असला तरी वस्तू ठेवता येते, विकता येत नाही.

तुमच्या कामाची ओळ ही: वारसाहक्कानं अशी वस्तू आली तर ९० दिवसांत मुख्य वन्यजीव वॉर्डनकडे तसं लेखी कळवायचं असतं. तुम्ही दोन महिने म्हणताय. म्हणजे हातात महिनाभर आहे. वनखात्याच्या कार्यालयात जा, आणि आजच्या आज भावाला सांगा की दलालाला पाठवलेला फोटो पुढे फिरवू नकोस. विकायला काढणं हाच गुन्हा, सौदा झाला नाही तरी.

परदेशातल्या भाच्याला वगैरे भेट द्यायचा विचार असेल तर तोही सोडा. शंभरी ओलांडलेली वस्तू असेल तर पुरावस्तूंचा कायदा वेगळा आडवा येतो.

लिलो चिवडो

बडोदं आणि नटी म्हटल्यावर एवढा विचार कसला करताय? हिराबाई बडोदेकर! नावातच पत्ता दिलाय.

बाकी वहिनींना सांगा, सवत फणेरपेटीत मावते म्हणजे तक्रारीला जागा नाही.

ठिपक्याठिपक्यानं

मी फाइन आर्ट्सला बडोद्यालाच शिकले आणि आता जुनी चित्रं सांभाळायचं काम करते, त्यामुळे तुमचं वर्णन वाचून हात शिवशिवले. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे ओल्या फडक्यानं पुसू नका. काच काढू नका. "थोडंसं स्पिरिट लावून बघितलं तर" असं मनात आलं असेल तर तेही नको. हस्तिदंतावरचे रंग जलरंग असतात, डिंकात कालवलेले, आणि खाली कागदासारखं ते शोषून घेणारं काही नसतं. रंग नुसता वर बसलेला असतो. ओला बोळा फिरला की नाक गेलं.

हस्तिदंतावर छोटी चित्रं काढायची सुरुवात युरोपातली. त्याआधी ती माणसं कमावलेल्या कातड्यावर काढत. १७०० च्या आसपास व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएरा या चित्रकर्तीनं तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांवर हस्तिदंत वापरायला घेतलं आणि पुढे सगळ्यांनीच ते उचललं. कारण सोपं आहे. सुळ्याचा काप एक मिलिमीटरहून पातळ काढला की त्यातून उजेड आरपार झिरपतो. गालावर अगदी पातळ रंग दिला तरी खालून कातडी उजळल्यासारखी दिसते. काही जण मागे चांदीचा वर्खही लावत, चेहऱ्यामागे दिवा लावावा तसा. कपडे मात्र जाड रंगात. म्हणून बघा, चेहरा आतून उजळलेला आणि लुगडं मख्ख, असं दिसतंय का?

आपल्याकडे ही कला इंग्रजांबरोबर आली. जॉन स्मार्ट नावाचा नामांकित चित्रकार १७८५ ते १७९५ मद्रासला राहून हेच काम करत होता. पुढे दिल्लीच्या चित्रकारांनी ती उचलली आणि साहेबलोकांना नूरजहान, मुमताजमहल अशा बेगमा ब्रोचमध्ये बसवून विकल्या. फोटोग्राफी आल्यावर फोटोवरून, कधी थेट फोटोवरच रंगवलेली चित्रंही पुष्कळ झाली. तुमचं त्यातलं असू शकतं.

नट्यांचं आणि या चित्रांचं नातं जुनं आहे, तेव्हा तुमच्या घरच्या कुजबुजीला मी हसणार नाही. लंडनची मेरी रॉबिन्सन १७७९ मध्ये ड्रुरी लेन नाट्यगृहात शेक्सपिअरच्या नाटकातली पर्डिटाची भूमिका करत होती. इंग्लंडचा युवराज भाळला आणि त्यानं तिला जेरमाया मेयरनं काढलेलं स्वतःचं असंच छोटं चित्र पाठवलं. मुठीत मावणारं, लपवता येणारं, उशीखाली ठेवता येणारं. हा प्रकार त्यासाठीच होता म्हणा ना. नकलाही तितक्याच. १९०० च्या सुमारास सेरा सिडन्ससारख्या गाजलेल्या नटीच्या मोठ्या तैलचित्रावरून बोटभर चित्र काढायचं, खाली खोटी सही ठोकायची आणि पियानोच्या जुन्या पट्ट्यांची चौकट करून विकायचं, असा धंदाच चालायचा. तुमची चौकट पितळी आहे आणि बाई लुगड्यात, म्हणजे ती शंका मिटली.

आता हस्तिदंत आहे का ते. घड्याळ दुरुस्तीवाल्याकडचं दहापट भिंग आणा आणि चित्र खिडकीच्या उजेडात तिरपं धरा. जिथं रंग पातळ आहे तिथं, म्हणजे कपाळ किंवा पाठभूमी, लांबट, बारीक, किंचित नागमोडी रेषा दिसतात का? सारख्या अंतरावर नसलेल्या, शेजारी शेजारी जाणाऱ्या? असतील तर हस्तिदंत. रेषा पट्टीनं मारल्यासारख्या एकसारख्या असतील तर सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक. बारीक काळे टिंब किंवा खाचा दिसल्या तर हाड. सेल्युलॉइड बोटानं चोळलं की कापराचा वास येतो, पण तुमचं काचेत बंद आहे. राहू दे. तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला कुणी दिला तर त्याला आधी स्वतःच्या बोटाला टोचायला सांगा.

त्याच भिंगातून चेहराही बघा. हातानं रंगवला असेल तर ठिपके आणि बारीक तिरप्या रेघा दिसतील. गुळगुळीत करडी सावली आणि वरून नुसता रंगाचा हात असेल तर खाली फोटो आहे.

आणि तो चौकोनी डाग. बुरशी चौकोनी नसते, ताई. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. तोच भाग जास्तीत जास्त वेळ बघा आणि जे दिसेल ते लिहा. काय असावं असं वाटतं ते लिहू नका.

सुरसागरकाठची

कागदोपत्री, धन्यवाद. भावाला फोन केला. तो आधी चिडला, मग घाबरला, मग "मी कुठं विकतोय, नुसतं विचारत होतो" वर आला. २००३ चा काही कागद सापडत नाही. आईच्या ट्रंकेत १९७८ ची दुधाची बिलं आहेत पण हे नाही.

ठिपक्याठिपक्यानं, मंगळ बाजाराजवळ एक घड्याळजी बसतात, त्यांच्याकडून भिंग आणलं. त्यांनाही चित्र बघायचं होतं. नाही दाखवलं.

काल दुपारी गच्चीच्या जिन्यात, जिथं उत्तरेचा उजेड येतो, तिथं तासभर बसले होते. दिसलं ते असं:

कपाळावर आणि मागच्या करड्या भागात रेषा आहेत. उभ्या, केसाहून बारीक, थोड्या लाटेसारख्या. दोन रेषांमधलं अंतर कुठं जास्त, कुठं कमी.

चेहरा सगळा ठिपक्यांचा. लांबून गाल गुलाबी दिसतो, भिंगातून बघितलं तर तांबडे, पिवळे आणि चक्क हिरवट ठिपके. हनुवटीखाली निळे. मला तर आधी गरगरलं. कुंकू मात्र एकाच टिंबाचं, जाड, उंचवट्यासारखं वर आलेलं. डोळ्यांच्या खालच्या कडेला पांढरी बारीक रेघ आहे, पाणी आल्यासारखी.

आणि तो डाग. तो डाग नाहीच. चौकोन नीट आखलेला आहे, लुगड्याच्या रंगावर काढलेला. लुगड्याच्या चुण्या त्याच्या खालून येतात आणि चौकोनावरही तशाच पुढे जातात. त्याच्या चारी कडांना बारीक तिरप्या रेघोट्या आहेत, पांढऱ्या. मोजल्या. वरच्या कडेला तीन, खाली तीन, डावीकडे तीन, उजवीकडे दोन. उजवीकडचा खालचा कोपरा मोकळा आहे आणि तो जरा उचललेला काढलाय, खाली सावली देऊन.

हे टाके आहेत का हो? लुगड्याला ठिगळ?

ठिपक्याठिपक्यानं

अकरा टाके मोजलेत तुम्ही. एका केसाच्या कुंचल्यानं काढलेले, आणि बारावा सुटला म्हणून कोपरा उचललेला. मी दिवसभर हेच डोक्यात घेऊन फिरतेय.

हस्तिदंत नक्की. हातानं रंगवलेलं नक्की, पण समोर बसवून काढलं की फोटो बघून, ते ठिपके सांगणार नाहीत. आणि डाग काढायचा नाही, हे आता सांगायला नको.

पण मग माझा प्रश्न असा. एवढा खर्च करून हस्तिदंतावर कुणी स्वतःची तसबीर काढून घेतं, तर आहेत नाहीत ते दागिने घालून बसतं. शालू नेसतं. या बाईच्या अंगावर फुटका मणी नाही, आणि चित्रकारानं लुगड्याचं ठिगळ लपवायचं सोडून त्याच्यावरच निम्मी मेहनत घातलीय. का?

तिसरी घंटा

मी इतका वेळ गप्प होतो कारण हिराबाईंचं नाव आल्यावर रक्तदाब तपासून घेत होतो. चिवडेसाहेब, हिराबाईंचा जन्म १९०५ चा, मिरजेचा. बडोदं आईकडून आलं. आई ताराबाई माने इथल्या दरबारी घराण्यातल्या, वडील अब्दुल करीम खाँ दरबारचे गायक, आणि दोघं बडोदं सोडून निघून गेले ही गोष्ट आमच्या रावपुऱ्यात माझ्या लहानपणीसुद्धा दबक्या आवाजात सांगत. हिराबाई रंगभूमीवर आल्या १९३० च्या आसपास, आणि त्या आल्या हीच मोठी गोष्ट होती. त्याआधी बायकांच्या वेगळ्या नाटक मंडळ्या होत्या, पण नामांकित कंपन्यांत बाईचं काम पुरुषानं करायचं हाच रिवाज.

आता ताई, तुमच्या आजोबांचा जन्म १८९५. म्हणजे तिकिटांत पगार घालवायचं वय १९१५ ते १९२५. त्या काळात बडोद्याला मुक्काम करणाऱ्या बड्या कंपनीत "नटी" कुठून येणार?

तुमची सवत पुरुष आहे.

जरा बसून घ्या, पुढचं सांगतो. हस्तिदंताचं मला काही कळत नाही, पण ठिगळाचं कळतं. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले. त्यांचं 'एकच प्याला' त्यांनी रंगमंचावर पाहिलंच नाही. गंधर्व नाटक मंडळीनं त्याचा पहिला प्रयोग केला २० फेब्रुवारी १९१९ ला, म्हणजे महिनाही झाला नव्हता. आणि तो मुंबईत नाही, पुण्यात नाही, आपल्या बडोद्यात. सुधाकर गणपतराव बोडस, सिंधू बालगंधर्व.

ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी: सुधाकर हुशार वकील, दारूला लागतो, घर धुळीला मिळतं. सिंधू दागिने उतरवत उतरवत शेवटी लोकांची दळणं दळते. गंधर्वांची ख्याती तोवर कशाची, तर भरजरी शालू, अत्तर, गजरे. 'मानापमाना'तली भामिनी, 'स्वयंवरा'तली रुक्मिणी. बायका नाटकाला जायच्या त्या त्यांचा पदर कसा घेतलाय ते बघायला. आणि तोच माणूस सिंधू म्हणून उभा राहिला तो ठिगळाच्या लुगड्यात. त्यांचे त्या वेषातले फोटो आहेत, शोधून बघा. काळी पोत, कुंकू, अंगावर बाकी काही नाही.

ठिपक्याताई, "का" ते विचारलंत ना. म्हणूनच. ठिगळ लपवलं असतं तर ती सिंधू राहिली नसती, नुसती एक गरीब बाई झाली असती.

एक प्रामाणिक पुस्ती. ही सिंधू आहे यावर मी पैज लावीन. हे बालगंधर्वच आहेत यावर लावणार नाही. हे नाटक पुढे अनेकांनी केलं, गावोगावच्या हौशी मंडळींनीसुद्धा, आणि नंतर बायकांनीही सिंधू केली. सव्वादोन इंचात ठिपक्यांनी काढलेला गोल चेहरा बघून नारायण श्रीपाद राजहंसच म्हणणं म्हणजे दलालाचं काम.

लिलो चिवडो

हिराबाई मागे घेतल्या. पण बडोद्याचाच माणूस पाहिजे म्हणाल तर भाऊराव कोल्हटकर घ्या ने! जन्म बडोद्याचा, अण्णासाहेब किर्लोस्करांनी इथूनच उचलले, आणि स्त्री भूमिका तर अशा की लोक वेडे झाले. आपल्या गावाचा मान जायला नको.

तिसरी घंटा

हे नाव घेतल्याबद्दल तुम्हाला एक सेव उसळ माझ्याकडून, तर्री जास्त. पण भाऊराव गेले १९०१ ला. त्यांच्या शकुंतला-सुभद्रेच्या वेळी ताईंच्या आजोबांना शेंबूड पुसता येत नव्हता. आणि सुभद्रा ठिगळ कशाला लावील? कृष्णाची बहीण ती.

कागदोपत्री

मला नाटकातलं कळत नाही, पण एक शंका. कारकुनाच्या पगारात हस्तिदंतावर तसबीर काढून घेणं बसतं का? नसेल तर ती वस्तू घरात कशी आली हेही अर्जात विचारतील.

सुरसागरकाठची

तिसरी घंटा काका, तुमचं उत्तर मी काल रात्री वाचलं आणि मला झोप आली नाही. पहाटे सहाला आत्याला फोन लावला. नव्वदीची आहे, मांजलपूरला चुलतभावाकडे असते, ऐकू कमी येतं पण डोकं तल्लख. मी ओरडून ओरडून विचारलं, आत्या, आजीच्या पेटीतलं ते चित्र सिंधूचं आहे का ग?

पलीकडे जरा वेळ नुसता टीव्हीवरच्या भजनाचा आवाज. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

म्हणजे तिला माहीत होतं. सगळ्या जन्मभर माहीत होतं. मी म्हटलं, मग आम्हाला का नाही सांगितलं, आम्ही आजोबांना बाईलवेडे समजत राहिलो. त्यावर ती जी चिडली! शब्द जसेच्या तसे देते: "अग, लोकांच्या घरात बाईपायी पाटल्या जातात. तेवढं लोक समजून तरी घेतात. आमच्या दादांनी पुरुषाच्या चित्रापायी घालवल्या. हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा नटी होती म्हटलेलं बरं."

तर कागदोपत्री, पैसा कुठून आला त्याचं उत्तर हे. आजीच्या पाटल्या. लग्नातल्या, चार तोळ्यांच्या. आत्या सांगते, आजोबांनी चोरून वगैरे नेल्या नाहीत, मागून घेतल्या आणि आजीनं काढून दिल्या. का दिल्या ते आत्याला माहीत नाही. तिचा तेव्हा जन्मही नव्हता. आजी स्वतः त्या नाटकाला गेली होती का, ते विचारलं. म्हणाली, पणजीआजी असेपर्यंत सुनांना नाटकं नव्हती. मग एकदा केव्हातरी गेली असेल, आली तेव्हा डोळे सुजलेले होते एवढं कुणीतरी सांगितलेलं आठवतं.

तो सिंधू कोण, गंधर्व की दुसरा कुणी? आत्या म्हणाली, "दादा गंधर्वच म्हणायचे. पण दादा सगळ्यांनाच गंधर्व म्हणायचे." काका, तुमची पैज राखून ठेवा.

मी मघाशी पुन्हा जिन्यात जाऊन बसले होते, भिंग घेऊन. आजीचं ते "माझी सवत" म्हणून तोंडाला पदर लावणं डोळ्यांपुढे येत होतं. किती वर्षं ती आमच्याकडे बघून हसत होती आणि आम्हाला वाटायचं बिचारी दुःख झाकते.

ठिपक्याठिपक्यानं

आत्यांना माझा नमस्कार सांगा.

आता काम. एसीच्या खोलीत ठेवू नका आणि मे महिन्यात गच्चीच्या खोलीतही नको. हस्तिदंत हवेतलं पाणी पितं आणि सोडतं, पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि मागे पुठ्ठ्याला चिकटवलेलं असेल तर त्याला हलायला जागा नसते, मग उभी चीर जाते. उजेडही नको, गालावरचा तो तांबडा उडतो आणि बाई पांढरीफटक पडते. फणेरपेटीतल्या लुगड्याच्या तुकड्यात शंभर वर्षं ती नीट राहिली, कारण अंधार होता आणि लाकूड होतं. तशीच राहू द्या. काचेच्या आतल्या बाजूला थेंब किंवा चिकट पांढुरकं दिसायला लागलं तर मात्र मला लगेच कळवा.

पुढे कधी घरात ठेवणं जड वाटलं तर पैसे न घेता संग्रहालयाला देण्याबद्दल वनखात्याला विचारता येईल. कमाटी बागेतल्या चित्रशाळेत मी विद्यार्थी असताना भिंगानं बघायची सवय लागली. तिथं तिला वाईट वाटणार नाही.

सुरसागरकाठची

शेवटचं कळवते, म्हणजे धागा अर्धवट लटकायला नको.

आज भाऊ आणि मी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन आलो. चित्र नेलं नव्हतं, कागदोपत्रींनी व्यक्तिगत निरोपात सांगितल्याप्रमाणे आधी नुसती माहिती घेतली. तिथले साहेब भले होते. त्यांच्याकडे कातडी येतात, शिंगं येतात, कुणाच्या आजोबांनी मारलेल्या वाघाचं डोकं येतं. फणेरपेटीतली बाई पहिल्यांदाच, म्हणाले. वजन विचारलं. काचेसकट सांगू की काचेविना, यावर दहा मिनिटं गेली. मग अर्ज तिथंच बसून भरला, गुजरातीतून. भावाचं गुजराती अक्षर चांगलं, म्हणून लिहायला तो.

वस्तूचं वर्णन असा रकाना आहे. भावानं लिहिलं, 'हस्तिदंतावर स्त्रीचे चित्र'. मी म्हटलं, अरे, स्त्री कुठं आहे ती. त्यानं 'स्त्री' खोडून 'पुरुष' लिहिलं. साहेबांनी फोटो बघितला, अर्ज बघितला, पुन्हा फोटो बघितला. म्हणाले, "बेन, खाडाखोड चालत नाही. नवीन फॉर्म घ्या, आणि नक्की काय ते ठरवून या."

बाहेर कट्ट्यावर बसून दुसरा फॉर्म भरतोय.